फांद्यांमधल्या फटी : झाडावरून अमूर्त चित्राकडे कसं जायचं

इंटरमिजिएटच्या परीक्षेपर्यंत ज्याचं चित्रकलेशी बरं जमत होतं, अशा कुणालाही समोरच्या झाडावरून अमूर्त चित्र काढायला सांगून बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. एक तर तो बाह्या सरसावून रंग फासत सुटतो, कारण अमूर्त म्हणजे मनाला येईल ते, असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. नाहीतर तो पानाफुलांची सुबक नक्षी करून देतो. दोन्ही वेळा झाड बिचारं समोर उभंच असतं आणि त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

मी स्वतः दोन्ही प्रकार पुरेसे करून झाल्यावर पीट मोंद्रियानकडे वळलो. हा डच चित्रकार 1872 साली आमर्सफोर्टला जन्मला. लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांचा आणि जाड काळ्या रेघांचा माणूस म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचे चौकोन आता चहाच्या मगांवरसुद्धा असतात. पण तो तिथवर पोचला तो सफरचंदाच्या झाडावरून. वाटेतली चित्रं शिल्लक आहेत, हे आपलं नशीब. 1908 ते 1910 च्या दरम्यानचं लाल झाड, 1911 चं करडं झाड, 1912 चं बहरलेलं सफरचंदाचं झाड. तिन्ही आज हेगच्या कला संग्रहालयात आहेत. तिन्ही आडवी, साधारण पाऊण मीटर उंच आणि मीटरभर रुंद. फोनवर का होईना, ती एका ओळीत लावून बघा. प्रत्येक चित्रात आधीच्यातलं काहीतरी सोडून दिलंय आणि काहीतरी घट्ट धरून ठेवलंय, हे लगेच दिसतं. या लेखातली सगळी कृती त्या सोडण्या-धरण्यावर उभी आहे.

सामान

सहा बी पेन्सिल, चारकोलच्या दोनचार कांड्या, मळता येणारा पुट्टी रबर, ए-थ्री आकाराचे दहाबारा कार्ट्रिज कागद, ट्रेसिंग पेपर, पोस्टर कलरच्या काळ्या आणि पांढऱ्या बाटल्या, एक चपटा ब्रश. बाकीचे रंग घरात असतील तर कपाटातच राहू द्या, ते खूप नंतर लागतील. एक जुनी पुठ्ठ्याची पाटी घेऊन तिच्यात पोस्टकार्डाएवढी आयताकृती खिडकी कापा. वस्तू क्षुल्लक आहे, पण तिच्यावाचून तिसरी पायरी जमत नाही.

पहिली पायरी : झाड निवडा, आणि ते निष्पर्ण असू द्या

वड, आंबा, फणस नकोत. पानांचा ढीग दिसतो, सांगाडा दिसत नाही. देवळाच्या आवारातला खुरचाफा सगळ्यात उत्तम. हिवाळ्यात त्याची पानं गळतात आणि नुसता हाडांचा झालेला असतो. शिवाय त्याच्या वाढण्याला एक शिस्त आहे. फांदीच्या टोकाला फुलांचा गुच्छ येतो, मग त्या टोकाखालून दोन किंवा तीन नव्या फांद्या फुटतात, त्या पुढे जाऊन पुन्हा दुभंगतात. झाडभर हाच खेळ चालतो. फांद्या जाड, टोकं बोथट, गळलेल्या पानांचे वण सालीवर तसेच. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांना चाफ्याची हळहळ नको, डिसेंबरात तिथे रस्त्यावरचं जवळपास कुठलंही झाड चालेल.

एकच झाड घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आज चाफा, उद्या पांगारा, परवा इंटरनेटवरचा फोटो, असं केलं की सगळी चित्रं पहिल्या भेटीची होतात.

दुसरी पायरी : आधी सरळ, ओळखू येणारं झाड काढा

या पायरीवर लोक नाराज होतात. आम्हाला अमूर्त शिकायचंय आणि तुम्ही पुन्हा शाळेत बसवताय, म्हणतात. होय, बसवतोय. मोंद्रियानकडे शाळेत चित्रकला शिकवण्याची रीतसर प्रमाणपत्रं होती, आपल्याकडे एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) झालेले ड्रॉइंगचे सर असतात ना, तशातलीच. त्यानंतर तो ॲमस्टरडॅमच्या कला अकादमीत शिकला आणि पुढची पंधराएक वर्षं नदीकाठ, पवनचक्क्या, शेतघरं, गाई अशी सरळ निसर्गचित्रं काढत राहिला. लाल झाड रंगवलं तेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता.

आपल्याला पंधरा वर्षं नकोत. वीस-वीस मिनिटांची तीन रेखाटनं पुरेत, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. सावली घोटत बसू नका. खोड कुठे वाकलं, कुठली फांदी कुठून निघाली, ती कुठल्या फांदीच्या पुढून गेली, एवढंच पाहा. तिसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की पहिल्या दिवशी तुम्ही चाफा काढलाच नव्हता. डोक्यात साठवलेलं, मेमरी ड्रॉइंगच्या पेपरातलं झाड काढलं होतं. ते झाड एकदा हातातून निघून गेलं की पुढे जायला हरकत नाही.

तिसरी पायरी : फांद्या सोडा, फटी काढा

खरं काम इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुठ्ठ्याची खिडकी डोळ्यासमोर धरा, अशी की झाडाच्या फांद्या तिच्या चारही कडांना कुठे ना कुठे टेकतील. आता फांद्यांच्या मधून दिसणारं आकाश तुकड्या-तुकड्यांत तुटलेलं दिसेल. काही तुकडे फांद्यांनीच बंद केलेले, काही खिडकीच्या कडेने बंद झालेले. यातला एक तुकडा निवडा, शक्यतो मधला. त्याचा आकार कागदावर काढा. फांदीची रेघ मारू नका, मारायचा मोह झाला तरी. तुकड्याची कड म्हणजे आपोआप फांदीची कड. मग त्याला लागून असलेला शेजारचा तुकडा, मधे फांदीएवढी जागा सोडून. मग त्याच्या शेजारचा. वीसेक तुकडे झाले की ते चारकोलने भरून काढा. झाड कोरं राहील आणि आकाश काळं होईल.

पहिल्यांदा हे करताना डोकं उठतं. आपल्याला वस्तू बघायची सवय आहे, वस्तूंच्या मधली जागा बघायची नाही. पण अर्ध्या तासाने ते तुकडे स्वतःच्या चेहऱ्याने समोर येतात. एखादा होडीसारखा, एखादा पतंग फाटल्यासारखा, एखादा नुसताच चिंचोळा. माझ्या चाफ्यात दोन जाड फांद्यांच्या मधे एक तुकडा होता, वर रुंद आणि खाली सुरीच्या टोकासारखा. तीन महिने मी त्या झाडाखाली उभा राहून फोनवर बोलत असे. तो मला एकदाही दिसला नव्हता.

आता मोंद्रियानचं करडं झाड उघडा. मधे खोड आणि त्यातून दोन्ही बाजूंना कमानीसारख्या झेपावत गेलेल्या फांद्या. नजर फांद्यांवरून काढून फटींवर न्या. फटींमधला रंग सपाट लावलेला नाही. ब्रशचे फटकारे दिसतात, आणि ते फांदीच्या वळणाबरोबर वळतात. आकाश मागे शांत पसरलेलं नाही, ते फांद्यांच्या मधे ठासून भरलंय. फांदी जितकी आहे तितकीच फट आहे. झाड पुढे आणि आकाश मागे, हा लहानपणापासूनचा हिशेब इथे मोडतो. तो मोडला की चित्र झाडाचं न राहता कागदाच्या पृष्ठभागाचं होऊ लागतं. माझ्या मते अमूर्ताची सुरुवात इथे होते. चौकोन फार पुढची गोष्ट.

चौथी पायरी : रंग काढून घ्या

लाल झाडात रंग भडक आहे. निळ्या संध्याकाळीवर लालबुंद फांद्या. त्यानंतरच्या झाडातून तो सगळा रंग गेला. 1911 च्या शरदात ॲमस्टरडॅमच्या एका प्रदर्शनात पिकासो आणि ब्राक यांची घनवादी, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून मांडणारी चित्रं मोंद्रियानच्या पाहण्यात आली, आणि त्यानंतर लवकरच तो पॅरिसला गेला. जाताना आडनावातला एक ‘a’ सुद्धा गाळला, Mondriaan होता तो Mondrian झाला. घनवाद्यांच्या तेव्हाच्या चित्रांतही करडा आणि मातकट तपकिरी एवढेच रंग होते. लाल डोळ्याला खेचून घेतो, मग रेषा कोण बघणार?

काळ्या-पांढऱ्यातून दोनच करडे तयार करा, एकमेकांच्या अगदी जवळचे. इतके जवळचे की डोळे किलकिले केले तर फरक जवळपास नाहीसा व्हावा. एक फांद्यांना, एक फटींना. तिसऱ्या पायरीतलं रेखाटन या दोन करड्यांत रंगवा आणि फटींमधे ब्रश फांदीच्या कडेकडेने फिरवा. चित्र मळकट दिसेल. दिसू द्या.

पाचवी पायरी : ट्रेसिंग पेपर, आणि दर कागदाला एक त्याग

करड्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा. नियम एकच. प्रत्येक नव्या कागदावर एकच गोष्ट सोडायची, आणि काय सोडलं ते कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं.

पहिल्या कागदावर जाडी सोडा. खोड आणि कोवळी फांदी एकाच जाडीच्या रेघेने काढा. दुसऱ्यावर पुढे-मागे सोडा. दोन फांद्या एकमेकींना ओलांडतात तिथे कोण पुढे हे दाखवू नका, नुसतं छेदू द्या. तिसऱ्यावर जमीन सोडा. चौथ्यावर फांद्यांची सुटी टोकं सोडा, म्हणजे रेघ हवेत संपणार नाही, जवळच्या दुसऱ्या रेघेला जाऊन मिळेल किंवा विरून जाईल.

चौथा कागद झाला की 1912 चं बहरलेलं झाड शेजारी ठेवा. नाव बहराचं, पण चित्रात ओळखू येण्याजोगं एकही फूल नाही. वळणदार रेघा एकमेकींना मिळतात आणि मधे डोळ्याच्या किंवा पानाच्या आकाराचे तुकडे तयार होतात. ते पान आहे की फट? दोन्ही म्हणता येतं, आणि हे चित्र जागं राहतं ते त्यामुळेच. मध्यावर रेघा दाट आहेत, कडांकडे विरळ होत जातात आणि कोपरे जवळजवळ सोडून दिलेत. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. कोपरे मोकळे सोडले की चित्राला आपोआप श्वास घ्यायला जागा मिळते.

एकाच कागदावर चार त्याग एकदम करू नका. मी केले होते. उत्साहात थेट पट्टी घेऊन बसलो, सगळ्या फांद्या सरळ केल्या, उभ्या-आडव्या बसवल्या. तासाभराने आईने मागून डोकावून विचारलं, "आपल्या बाल्कनीचं ग्रिल काढतोयस का रे?" तिचं बरोबर होतं. चित्रात चाफ्याचं काहीच उरलं नव्हतं. पट्टीचं सगळं होतं.

नक्षीचा सापळा

आपल्याकडे चित्रकला परीक्षांमुळे एक खास खोड लागलेली असते. संकल्पचित्राच्या पेपरासाठी आपण पान घेतो, त्याला गोटीव करतो, आरशासारखं उलटं करून समोर ठेवतो, चौकटीत चार वेळा बसवतो. ते सुंदर दिसतं आणि साडीच्या काठाला शोभतं. पण ते अलंकरण झालं. अलंकरणात आकार एकदा ठरला की पुन्हा झाडाकडे बघावं लागत नाही. अमूर्ताच्या वाटेवर दर कागदाला परत झाडाखाली जावं लागतं.

सापळा ओळखण्याची खूण सोपी आहे. तुमच्या चित्रात एकच फट दोनदा आली असेल तर तुम्ही नक्षीत शिरलात. झाडावर दोन फटी कधी सारख्या नसतात. आणि डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब झाली असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि उठा.

सहावी पायरी : तुमच्या झाडाची खूण शोधा

मोंद्रियान झाडापाशी थांबला नाही. 1914 मध्ये वडील आजारी म्हणून तो हॉलंडला आला, महायुद्ध सुरू झालं आणि तिथेच अडकला. झीलंड प्रांतातल्या डोम्बर्गच्या किनाऱ्यावर तो पूर्वीपासून जात असे. तिथे वाळूतून समुद्रात शिरणारे लाकडी खांबांचे धक्के आहेत, लाटा अडवण्यासाठी. त्यावरून त्याने कोळशाची रेखाटनं केली आणि 1915 मध्ये एक चित्र. नाव ‘रचना क्रमांक 10’, लोक त्याला ‘धक्का आणि समुद्र’ म्हणतात. ते ओट्टरलोच्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयात आहे. पांढऱ्यावर काळ्या आखूड रेघा, काही उभ्या, काही आडव्या, कुठे अधिक चिन्हासारख्या, सगळ्या मिळून एका लंबगोलात. खाली मध्यावर उभ्या रेघांची दाटी होते, तो धक्का. बाकीचा लखलखाट पाण्याचा.

नवशिके इथे घसरतात. त्यांना वाटतं, उभी-आडवी रेघ म्हणजेच अमूर्ताचं व्याकरण. पण ती खूण मोंद्रियानला त्याच्या मुलखात सापडली होती. सपाट जमीन, नजर पोचेल तिथवर क्षितिजाची आडवी रेघ, तिच्यावर उभा चर्चचा मनोरा नाहीतर पवनचक्की. चाफ्यात ते नाही. चाफा दुभंगतो. तुमच्या सगळ्या ट्रेसिंगमधून जी गोष्ट काही केल्या सुटत नाही ती शोधा. माझ्या बाबतीत तो दुबेळका निघाला, गलोलीच्या बेचक्यासारखा, एक बाजू नेहमी थोडी जास्त कललेली. नारळाच्या बाबतीत वेगळं असेल, बाभळीच्या बाबतीत आणखी वेगळं. खूण सापडली की कोरा कागद घ्या, ट्रेसिंग बाजूला ठेवा, आणि फक्त त्या खुणेच्या लहान-मोठ्या, दाट-विरळ मांडणीतून झाडाचा जोर पुन्हा उभा करा. जिथे झाड दाट होतं तिथे खुणा दाट, जिथे झुकलं होतं तिथे कललेल्या. याला दोन तास लागू शकतात किंवा दोन रविवार.

मधेच थोडं विषयांतर

सगळे अमूर्त चित्रकार असे झाडावरून चालत येत नाहीत. वासुदेव गायतोंडे, जन्म 1924, नागपूर, मूळ गोव्याचं घराणं, जे. जे. स्कूलचे विद्यार्थी. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दच पसंत नव्हता, ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत ते चित्रापाशी पोचायचे. तिथे ही कृती लागू होत नाही, आणि ओढूनताणून लावूही नये. नागपूरला आणि मग जे. जे.त शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा मात्र आपल्या वाटेच्या जवळचे. फ्रान्सच्या निसर्गचित्रांतली घरं-डोंगर हळूहळू विरघळत गेली आणि पुढे बिंदू आला.

सातवी पायरी : रंग परत, पण मोजून

आता कपाट उघडा. दोनच रंग, आणि दोन्ही झाडाकडून घेतलेले. चाफ्याच्या सालीत करड्याबरोबर किंचित हिरवट-जांभळी झाक असते, फांदी मोडली की पांढरा चीक येतो, फुलाच्या पोटात पिवळा असतो. यातले कुठलेही दोन. पानाचा हिरवा टाळा, तो लागला की बघणारा लगेच ‘झाड!’ म्हणून मोकळा होतो.

मोंद्रियानचं हिरव्याशी वाकडं तर पुढे इतकं टोकाला गेलं की पॅरिसच्या स्टुडिओत त्याने एक कृत्रिम ट्युलिप ठेवलं होतं आणि त्याचं पान चक्क पांढऱ्या रंगाने रंगवलं होतं. गंमत म्हणजे त्याच काळात तो पोटासाठी जलरंगात फुलं काढून विकत असे, देठापानांसकट ओळखू येणारी.

कुठे थांबायचं

चित्र उलटं करा. उलटं करूनही ते तोल सांभाळत असेल तर काम झालं. नसेल, तर ते अजून झाडाच्या गुरुत्वाकर्षणावर उभं आहे, जड बुंधा खाली म्हणून पडत नाही इतकंच. दुसरी चाचणी : एकेका रेघेवर बोट ठेवून ती झाका. झाकल्याने काहीच बिघडत नसेल तर पुट्टी रबरने उचला. दहा रेघा निघाल्या तरी वाईट वाटून घेऊ नका.

"हे काय आहे?" असं घरी कुणीतरी विचारणारच. "चाफा" म्हणालात तर ते त्यात फांद्या शोधत बसतील. सगळे कागद क्रमाने जमिनीवर मांडा आणि त्यांना डावीकडून उजवीकडे चालू द्या. माझी आई चौथ्या कागदापर्यंत चाफा, चाफा म्हणत आली आणि पाचव्यापाशी गप्प राहिली. मग वाकून त्या सुरीच्या टोकासारख्या तुकड्यावर बोट ठेवत म्हणाली, "हे तर तिथलंच."

हे सगळं मार्चच्या आत उरका. नंतर चाफ्याला पालवी फुटते आणि फटी बुजतात.